कापूस वेचणारा हात: बोंडावर थबकणं सुटलं (बऱ्यापैकी)

थबकणं सुटलं! माझ्या कापूस वेचायला शिकणाऱ्या रोबो-हाताबद्दल मागच्या अपडेटमध्ये ज्याच्या नावानं रडलो तोच प्रकार: फॉलोअर (प्रत्यक्ष वेचणारा हात) बोंडापर्यंत झकास येतो, जबडा मिटतो आणि तिथंच त्याचा पुतळा होतो. आता हे क्वचितच होतं. काल संध्याकाळी बादलीतल्या ओल्या रेतीत रोवलेल्या पऱ्हाटीची खालची फांदी त्यानं न अडखळता साफ केली. बोंडं रिकामी, पाचोळा जवळजवळ नाही.

सेटअप तोच. एसओ-१०१ रोबो-हातांची जोडी (लीडर माणसानं हलवायचा, फॉलोअर त्याची नक्कल करतो), एसीटी पॉलिसी (डेमोंवरून शिकून फॉलोअर चालवणारं मॉडेल), ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम्स), वर एक कॅमेरा, मनगटावर एक. चंक (पॉलिसी एका दमात ठरवते तो हालचालींचा गठ्ठा) १०० चा होता, म्हणजे सुमारे ३.३ सेकंदांच्या हालचाली. तुमच्यापैकी दोघांनी चंक कमी करायला सांगितलं होतं. ३० वर आणला तर आजार बळावला. कारण उघड आहे. डेमो देणारा, म्हणजे लीडर हलवून काम करून दाखवणारा माणूस जबडा मिटला की क्षणभर थांबतो, धरला का ते डोळ्यांनी बघतो आणि मग ओढतो. लीडरला स्पर्श कळत नाही, त्यामुळे हे थांबणं कुणालाच चुकत नाही. पॉलिसीला मागचं काही आठवत नसतं. तिच्यापुढे फक्त आत्ताचं चित्र आणि सांध्यांचे कोन. ‘मिटलेला जबडा, समोर पांढरं’ अशा बहुतेक फ्रेम्समध्ये उत्तर ‘थांब’, आणि एखाद्यातच ‘ओढ’. मग ती थांबते, पुढच्या क्षणी तेच चित्र दिसतं, पुन्हा थांबते. मोठा चंक निदान ती खिंड उडी मारून ओलांडायचा.

पहिला उपाय म्हणून स्थिर फ्रेम्स छाटल्या. पुतळा गेला, पण हात जबडा नीट मिटायच्या आतच ओढू लागला. आणि इथंच कापसाची खोडी आहे. कडक वस्तू धरली की लीडर आणखी मिटत जातो आणि फॉलोअर वस्तूवर अडतो. त्या दोघांतला फरक म्हणजेच जोर. २०२३ च्या अलोहा या अशाच लीडर-फॉलोअर रोबो प्रकल्पात अ‍ॅक्शन म्हणून लीडरचे कोन नोंदवले ते याचसाठी. कापूस मात्र दबतो. पकड बसली काय अन् निसटली काय, जबडा जवळपास तेवढाच मिटतो. आकड्यांतही फरक नाही, चित्रातही नाही.

तोडगा शेजारच्या काकूंनी काढला. राळेगावच्या या पट्ट्यात त्यांच्यासारखी वेचणी करणारं मी कुणी पाहिलेलं नाही. बराच वेळ त्या बघत उभ्या होत्या, मग म्हणाल्या, “काहून थांबतं रे हे? ओढून पाह्य ना! आला त आला, नाही त पुन्हा धर.” त्यांच्या हातात लीडर दिला. त्या थांबतच नाहीत. मिटल्याबरोबर हलका हिसका, जराशी पीळ. आणि त्या हिसक्यातच सगळी माहिती आहे! पकड असेल तर फांदी हलते आणि मनगटाच्या कॅमेऱ्यात बोंड जबड्यासोबत येतं. नसेल तर बोंड जागेवरच. दोन स्थिती ज्या एकसारख्या दिसत होत्या, त्या हिसक्यानंतर वेगळ्या दिसतात.

मग सगळा डेटा फेकून नव्यानं डेमो घेतले, बहुतेक काकूंच्या हातचे. निम्म्यांत मुद्दाम पकड चुकवली: हिसका, रिकामा जबडा, परत धरणं. डॅगर (रॉस, गॉर्डन आणि बॅगनेल, २०११: पॉलिसी जिथं पोचते तिथं काय करायचं ते तज्ज्ञाकडून शिकवायची पद्धत) इतकं शिस्तीत नाही, पण तत्त्व तेच: चुकल्यावर काय करायचं हेही डेमोत हवं. चंक पुन्हा १०० वर.

लीडरच्या मोटरींबद्दल: १:१९१ आणि १:१४७ गिअर-प्रमाणाच्या मागवल्या होत्या, दुकानदारानं सरसकट १:३४५ पाठवल्या आणि वर “सेमच आहे” म्हणाला. सेम नाही. हात हलवताना गिअर लागतात, हिसका द्यायला तर फारच. पैसे वाचवायला लीडरमध्ये फॉलोअरच्या मोटरी घालू नका. ट्रेनिंग भाड्याच्या जीपीयूवरच चालू आहे. डेटासेट रात्री गच्चीवर मोबाइल ठेवून अपलोड होतो, मध्येच लाईन गेली की सकाळी पुन्हा तेच.

पुढचा बेत हाताला चाकांचा गाडा करून थेट वावरात न्यायचा होता. तो आता मागे पडला, कारण फरदड (हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी ठेवून घेतलेलं पुढचं पीक) घ्यायची नाही. गुलाबी बोंडअळीपायी घरात तसं ठरलंय, आणि बरोबरच आहे. पऱ्हाटी उपटली की बोंडं संपली. वेचलेल्या बोंडात कापूस परत कोंबून पाहिला, तो नुसता गळून पडतो, डेमोला उपयोग शून्य. म्हणून गाडा नंतर, आधी जमतील तितके डेमो.

हे लिहिता लिहिताच सुचलं: एसटीएस३२१५ (या हातांतली मोटर) प्रत्येक सांध्याचा लोड, म्हणजे मोटरीवर पडणारा जोर, सांगते. हिसक्याच्या वेळी खांदा आणि कोपर यांचा लोड पॉलिसीला दिला तर कॅमेऱ्यावरचा भार कमी होईल. १:३४५ च्या घर्षणात कापसाचा हलका ओढ बुडून जाईल अशी शंका आहे, तरी आधी नुसता आलेख काढून बघतो. सहाही मोटरींचं लोड रजिस्टर ३० एफपीएसला कुणी वाचलंय का? सगळ्या मोटरी जोडणारी डेटाची वायर (बस) तेवढा वेग झेलते का, ते सांगा.