पहिली दुर्बीण आणि माउंट : मी निवड कशी केली

‘कोणती दुर्बीण घेऊ?’ हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. हातात कॅमेरा कोणता आहे, त्यातून रात्रीच्या आकाशातलं काय टिपायचंय, त्याला किती फोकल लेंथ (भिंग किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) लागेल, तेवढ्या सामानाचं वजन किती होईल आणि ते वजन पेलणारं माउंट, म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणारा आधार, कोणतं, या क्रमाने गेलं की दुर्बिणीचे पर्याय दोन-तीनच उरतात. दुकानात याच्या उलट चालतं. आधी आरशाचा व्यास सांगतात आणि माउंट ‘सोबत मिळतंच’.

माझ्याकडे कॅनन कंपनीचा २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर होता. सेन्सर २२.३ × १४.९ मिमी, पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. एक पिक्सेल आकाशाचा किती तुकडा पाहतो हे काढायला पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यायचा, २०६ ने गुणायचा आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेंथने भागायचा. उत्तर आर्कसेकंदात, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागात येतं. ३६० मिमीला ते २.१ आलं, १२०० मिमीला ०.६. आपल्याकडे तारे वातावरणामुळेच दोन-तीन आर्कसेकंद पसरलेले असतात. ०.६ ला त्या पसरटपणाचंच मोठं चित्र मिळतं आणि माउंटची प्रत्येक चूक तिपटीहून जास्त ठळक दिसते.

३६० मिमीला माझ्या सेन्सरवर साधारण ३.५ × २.४ अंशांचं आकाश मावतं. सुमारे तीन अंश लांबीची देवयानी दीर्घिका कर्णाच्या दिशेने फिरवून नीट बसते. कृत्तिका, मृगातला एम ४२ आणि धनू राशीतला एम ८ हे तेजोमेघ आरामात बसतात. जमत नाहीत ते ग्रह. गुरू फार तर ५० आर्कसेकंदांचा, म्हणजे जेमतेम २४ पिक्सेल. ग्रहांसाठी लांब फोकल लेंथ आणि व्हिडिओ कॅमेरा लागतो, तो वेगळा संसार आहे. एकाच दुर्बिणीत दोन्ही करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

प्रकार निवडताना तिघांची तुलना केली. आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) डोळ्यांनी पाहायला त्या पैशांत सर्वोत्तम, पण ती ताऱ्यांमागे फिरत नाही. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं, म्हणून चंद्रापलीकडे फोटोत तिचा उपयोग थोडा. १३० मिमीचा, ६५० मिमी फोकल लेंथचा न्यूटोनियन (हीही आरशाचीच दुर्बीण) स्वस्तात जास्त प्रकाश देतो. मात्र त्याला कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांना फुटणारी शेपटी घालवणारं भिंग) हवा, प्रवासानंतर आरसे जुळवायला हवेत, आणि वाऱ्यात त्याची नळी शिडासारखी डोलते. शिवाय नुसत्या पाहण्यासाठी बनवलेल्या न्यूटोनियनमध्ये डीएसएलआर बसवला तर बऱ्याचदा फोकसच मिळत नाही, कारण फोकसचा बिंदू नळीबाहेर पुरेसा येत नाही. फोटोसाठी मुख्य आरसा पुढे घेतलेलं मॉडेल असल्याची खात्री करूनच घ्यावं.

मी ७२ मिमीचा ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेचा अपवर्तक, म्हणजे भिंगाची दुर्बीण घेतली. फोकल लेंथ ४२०, आणि त्याच्यासाठीच बनवलेला ०.८५ पटीचा रिड्यूसर-फ्लॅटनर (फोकल लेंथ कमी करून कोपऱ्यांपर्यंत फोकस सारखा ठेवणारं भिंग) लावल्यावर ३५७ मिमी, म्हणजे एफ ५ (व्यासाच्या पाचपट) च्या जवळ. ईडी हा शब्द इथे महत्त्वाचा. साध्या काचेच्या भिंगात (अॅक्रोमॅटमध्ये) निळा-जांभळा प्रकाश वेगळ्या जागी फोकस होतो, आणि डोळ्यांना चालून जाणारी जांभळी कड कॅमेरा प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती गोळा करतो. फ्लॅटनर नंतर घेऊ म्हणू नये, कारण त्याविना कोपऱ्यातले तारे लांबट येतात.

फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंतचं अंतर बहुतेक वेळा ५५ मिमी लागतं. कॅननच्या डीएसएलआरमध्ये माउंटपासून सेन्सर ४४ मिमी आत असतो आणि टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११ मिमीची, त्यामुळे बेरीज आपोआप जुळते. मिररलेस कॅमेऱ्यात तेच अंतर १६-२० मिमीच असतं, म्हणून लांब टी-रिंग हवी. टी-रिंग ४८ मिमी आट्यांची घ्यावी, ४२ च्या अरुंद गळ्यामुळे कोपरे काळवंडू शकतात. मधला तारा गोल आणि चारही कोपरे सारखेच लांबट असतील तर अर्धा-एक मिलिमीटरच्या चकत्यांनी अंतर बदलून पाहावं. एकच कोपरा बिघडला असेल तर अंतर ठीक आहे, कॅमेरा तिरका बसलाय.

आता माउंट, जिथे निम्म्याहून जास्त बजेट गेलं आणि जायलाच हवं होतं. नळी दोन किलो, रिंगा, पट्टी, रिड्यूसर, कॅमेरा, गाइड स्कोप (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारायला लागणारी छोटी दुर्बीण) आणि वायरी धरून चार किलोच्या आसपास. कागदावर ५ किलो पेलणारा छोटा ट्रॅकर (फक्त कॅमेरा-लेन्ससाठीचं हलकं माउंट) हे उचलतो. पण फोटोसाठी लिहिलेल्या क्षमतेच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश वजनावरच थांबावं, असं मी धरलं. म्हणून ११ किलोचं फोटोग्राफी-वजन सांगणारं स्काय-वॉचर एचईक्यू ५ घेतलं. त्याची किंमत पाठीला मोजावी लागते : हेड दहा किलो, वर ट्रायपॉड आणि पाच-पाच किलोची काउंटरवेट (तोल साधणारी वजनं). स्वतःची गाडी असेल तरच हा मार्ग. लोकलने वांगणीला किंवा एसटीने गावी जाणाऱ्याने छोटा ट्रॅकर आणि १३५ किंवा २०० मिमीची कॅमेरा लेन्स हीच जोडी घ्यावी, दुर्बीण नंतर. काउंटरवेटविना चालणारी हार्मोनिक ड्राइव्हची माउंट हलकी आणि छान आहेत, पण महाग. त्यांना गायडिंगशिवाय, म्हणजे गाइड स्कोपने चूक सतत सुधारत राहिल्याशिवाय, गत्यंतर नाही. पॅकेजमध्ये मिळणारी पातळ पायांची ईक्यू १, ईक्यू २ माउंट डोळ्यांनी पाहण्यापुरती. कॅमेरा लावला की नुसत्या शटरच्या धक्क्यानेही थरथरतात.

परदेशी मार्गदर्शनात सहसा न येणारी गोष्ट म्हणजे आपला अक्षांश. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर असतो, मुंबईत १९, नागपुरात २१. युरोपात तो पन्नाशीच्या आसपास. याचे तीन परिणाम होतात. पहिला, माउंटचा मुख्य अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि सगळं वजन उत्तरेकडे झुकतं. तोल राहावा म्हणून ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला हवा, आणि खाली फिरणारं काउंटरवेट नेमकं त्याच पायावर आदळतं. घेण्याआधी अक्ष १८ अंशांवर लावून काउंटरवेट पूर्ण फिरवून पाहावं. अडत असेल तर ट्रायपॉड आणि हेडच्या मध्ये बसणारा पिअरचा वाढीव तुकडा लागतो. काही छोट्या माउंटची तळाची मर्यादाच आपल्या अक्षांशाच्या वर असते, तेही पाहून घ्यावं.

दुसरा, उंची बदलणाऱ्या बोल्टवर जास्त ताण येतो. समोरचा बोल्ट सैल न करता मागचा आवळला तर बोल्ट वाकतो. आधी एक सैल, मग दुसरा घट्ट, आणि हे करताना हेडला हाताचा आधार द्यायचा.

तिसरा परिणाम रोजचा. उत्तरेला इमारत, झाड किंवा शहराचा उजेड असला की ध्रुवतारा दिसतच नाही. त्यामुळे पोलर स्कोपवर (अक्ष ध्रुवाकडे लावायला माउंटमध्येच असलेल्या छोट्या दुर्बिणीवर) विसंबून न राहता मी लॅपटॉपवर नीना हे सॉफ्टवेअर वापरतो. आकाशाच्या कुठल्याही भागात तीन फोटो घेऊन ते सॉफ्टवेअर अक्ष किती चुकलाय ते सांगतं आणि बोल्ट फिरवताना आकडा बदलताना दिसतो. दोन-तीन कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत आलं की पुरे. पोलर स्कोपच वापरायचा असेल तर ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून ०.६ अंशाहून थोडा जास्त दूर आहे, तो अॅपने दाखवलेल्या घड्याळी जागेवर ठेवावा, मध्यभागी नव्हे.

या अक्षांशाचा फायदाही आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी इथून २४ अंशांपर्यंत चढतो, ज्येष्ठेचा परिसर ४५ पर्यंत. पण वृश्चिक आणि धनू मध्यरात्री सर्वांत उंच येतात तोवर पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून मार्च ते मे पहाटेच उठावं लागतं.

गायडिंगला ३० मिमीचा, १२० मिमी फोकल लेंथचा गाइड स्कोप, छोटा मोनोक्रोम कॅमेरा आणि पीएचडी २ हे सॉफ्टवेअर. गरज का, ते आकड्यांत पाहा. एचईक्यू ५ चा वर्म (अक्षाचं दातेरी चाक फिरवणारा आट्यांचा दांडा) सुमारे ६३८ सेकंदांत एक फेरा घेतो. त्याची चूक ±१५ आर्कसेकंद धरली तर सर्वांत वाईट एका मिनिटात तारा नऊ आर्कसेकंद, म्हणजे चार पिक्सेल सरकतो. गायडिंगने चूक आर्कसेकंदाच्या आसपास आणली की २.१ च्या स्केलला तारे गोल येतात. आकडा खाली येत नसेल तर सेटिंगमध्ये हात घालण्याआधी लोंबणारी वायर बघा. नंतर तोल बघा, तो पूर्वेकडे किंचित जड असावा म्हणजे दाते एकाच बाजूला टेकून राहतात. गच्चीवर कोणी चालत असेल तर तोही आकड्यात दिसतो.

वीज बहुतेक जण कमी धरतात. माउंट, दवरोधक पट्टा आणि छोटा संगणक मिळून पावणेतीन अँपिअर घेतात. सात तासांना १९ अँपिअर-अवर. म्हणून २० ची नव्हे, ३० ची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. व्होल्टेज साडेअकराच्या खाली गेलं की माउंट अडखळतं, आणि दोष गायडिंगला दिला जातो. दवाचा पट्टा दव दिसल्यावर नव्हे, सुरुवातीलाच चालू करावा, विशेषतः धरणांच्या काठी.

फोकस बाहतिनोव्ह मास्कने (नळीच्या तोंडावर लावायच्या फटींच्या झाकणाने), तोही तापमान उतरल्यावर पुन्हा. स्वस्त क्रेफर्ड (दात्यांविना, घर्षणावर सरकणारा) फोकसर नळी उभी असताना कॅमेऱ्याच्या वजनाने घसरतो, म्हणून स्क्रू आवळल्यानंतर मास्क परत लावून पाहायचा.

जुनं माउंट घेणार असाल तर क्लच लावून काउंटरवेटचा दांडा हलवा. किंचित ढिलेपणा चालेल, खडखडाट नको. दोन्ही अक्ष मोटरने पूर्ण फिरवून आवाज ऐका आणि उंची बदलणारा (अल्टिट्यूड) बोल्ट काढून सपाट काचेवर लोळवा, वाकलेला लगेच कळतो. नळी जुनी असेल तर भिंगावर टॉर्च तिरपा मारा. कोकणात किंवा पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या भिंगांवर बुरशीचे धागे असतात. घरी मी जून ते सप्टेंबर नळी आणि फ्लॅटनर झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवतो. काटा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल तव्यावर मंद आचेवर गरम करून परत आत.