ओकची गुटी : दुसरा उन्हाळा

हा ओक आम्ही लावलेला नाही. जे नावाचा, पंखावर निळी चकती असलेला एक पक्षी इथे हिवाळ्याच्या बेगमीला एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, पुरून ठेवतो आणि त्यातले काही विसरतो. आमच्या कुंपणाला खेटून उगवलेला हा त्या विसरभोळेपणातलाच असावा. इंग्लंडमधल्या लेस्टरमधलं हे घर घेतलं तेव्हा गुडघ्याएवढा होता, आता कुंपणाच्या वर डोकं काढलंय. चिकणमातीची जमीन आणि हाताच्या अंतरावर घराची भिंत, म्हणजे कधी ना कधी तो काढावा लागणारच. त्याआधी दोन-तीन चांगल्या फांद्या बोन्सायसाठी सोडवून घ्यायच्या, एवढाच हा खटाटोप.

एकॉर्न पेरलं की ओक उगवतोच, मग गुटी (फांदी झाडावर असतानाच तिची साल काढून तिथे मुळं फोडणं) कशाला, असं विचाराल. पण मला हवं तसं जाडजूड, साल भेगाळायला लागलेलं खोड बियांपासून मिळेपर्यंत माझी साठी होईल.

गेल्या वर्षीचं आधी सांगतो. माझे आप्पा सांगोल्याचे, डाळिंबाच्या गुट्या शेकड्यांनी बांधलेला माणूस. साल काढली की सुरीच्या पाठीनं लाकूड खरवडून कोरडं करायचं, चिकटा राहू द्यायचा नाही, ही त्यांची शिकवण. मी दोन फांद्यांवर इमानदारीत तसंच केलं, जरा जास्तच जोर लावून. दहाव्या दिवशी पानं लुळी पडली, पंधराव्या दिवशी पापडासारखी कुरकुरीत.

चूक आप्पांची नव्हती, लाकडाची जात वेगळी. डाळिंबात पाणी नेणाऱ्या नळ्या बारीक आणि लाकडात सगळीकडे विखुरलेल्या. ओकमध्ये मोठ्या नळ्या दर वसंतात नवीन वलयात तयार होतात आणि बहुतेक पाणी त्या सर्वांत बाहेरच्या, यंदाच्या वलयातूनच चढतं. म्हणजे सालीच्या लगेच खाली! मी खरवडला तो चिकटा नव्हता, फांदीची पाण्याची लाइन होती.

६ जून. पानं पूर्ण उघडून जाड झाल्यावरच हात घातला. तीन फांद्या, सगळ्यात जाड २२ मिमी. तिच्यावरून ४० मिमी रुंदीचं सालीचं वलय काढलं. या दिवसांत साल ओल्या कागदासारखी अलगद सुटते. खालचा बुळबुळीत थर खडबडीत फडक्यानं पुसला, पुसला आणि पुन्हा पुसला. सुरी लाकडाला लावलीच नाही. वरची कड मात्र नव्या ब्लेडनं सरळ कापली, कारण पानांकडून खाली येणारं अन्न तिथेच अडतं आणि मुळं फुटली तर तिथूनच फुटणार. तिथे आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) पावडर, रात्रभर भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस नावाचं शेवाळ, पारदर्शक प्लास्टिक आणि वरून स्वयंपाकघरातली फॉइल.

२० जुलै. पानं ताठ. आप्पांना फोन केला.

"सहा आठवडे झाले, नुसती गाठ धरलीय."

"डाळिंब एव्हाना कुंडीत गेलं असतं. रोज उघडून बघतोस ना?"

मी गप्प.

गाठ म्हणजे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा फिकट, दाणेदार कॅलस, जखमेवर भरून येणारा पेशींचा थर. दोन नंबरच्या फांदीवर तर त्याची करंगळीच्या नखाएवढी जीभ खालच्या सालीकडे निघाली होती. ती पोचली असती की झाडानं जखम सांधली असती आणि मुळांची गरजच संपली असती. कापून टाकली.

ऑगस्ट. ओकला दुसऱ्यांदा पालवी फुटली. १ ऑगस्टच्या लॅमस सणावरून तिला इथे लॅमसची फूट म्हणतात. तांबूस, कोवळी, देखणी; आणि आठवड्याभरात तिच्यावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. गुटीच्या फांद्यांवरची तेवढी पानं काढली, बाकी झाडाला त्याच्या नशिबावर सोडलं.

छाट कलमांचं थोडक्यात. याच झाडाच्या शेंड्याचे २४ तुकडे जूनमध्ये लावले होते, सगळे बुडातून काळे पडले. दोन वर्षांच्या रोपांवरचे १२ लावले, त्यातल्या पाचांना मुळं आली. ओकमध्ये वय फार नडतं. या बाराही कोंबांच्या बुडाला कापण्याआधी तीन आठवडे काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. उजेड न मिळालेली साल मऊ राहते. पाचांपैकी दोघांनीच नवा कोंब काढलाय. उरलेले तीन हिवाळ्यात जातील असं मी धरूनच चाललोय, कारण मुळं धरूनही वाढ न केलेली ओकची कलमं वसंतात बरेचदा जागीच होत नाहीत.

१४ सप्टेंबर. फॉइल सोडली आणि एक नंबरच्या फांदीत प्लास्टिकला टेकलेली दोन मुळं दिसली. भिजवलेल्या शेवयांसारखी पांढरी, जाड, टोकाला पिवळसर. दोन नंबरला कॅलस, तीन नंबरला कॅलस.

दोन मुळांच्या भरवशावर एवढी फांदी कापायची नाही. तिन्ही गुट्या झाडावरच राहतील. थंडीसाठी फॉइलवर बबलरॅपचे दोन वेढे घालीन. मार्चमध्ये दोन आणि तीन नंबर उघडून, कॅलसची कड हलकी छेदून पुन्हा पावडर लावायचा विचार आहे. ओकवर असं कोणी केलं असेल तर तोपर्यंत सांगा.