अनेक रायफलींच्या भागांतून एक रायफल : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमची लहानशी कार्यशाळा आहे. दहा मीटर एअर रायफल प्रकारात खेळणाऱ्या नेमबाजांच्या जुन्या रायफली आम्ही दुरुस्त करतो. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे एका कंपनीची बॅरल म्हणजे नळी आणि गोळी सोडणारी यंत्रणा, दुसऱ्या कंपनीची नेम धरण्याची साइट, तिसऱ्याच रायफलीवरून उतरवलेली, खांद्याला टेकणारी बट प्लेट आणि हे सारे पेलणारा, आमच्याकडे घडवलेला लाकडी दस्ता एकत्र आणून एका विशिष्ट नेमबाजाच्या शरीराला बसेल अशी रायफल उभी करणे. नवी परदेशी रायफल ज्या कुटुंबाला परवडत नाही, त्या घरातील मुलालाही स्वतःच्या मापाची रायफल मिळावी, या एका हेतूवर आमचा व्यवसाय उभा आहे.

कार्यशाळा वडिलांनी सुरू केली, तेव्हा तिचा नेमबाजीशी काही संबंध नव्हता. उद्यमनगर त्या काळी ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांसाठी ओळखले जाई, आणि आमच्याकडेही एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि कानस चालवणारे दोन कसबी कारागीर यांच्या बळावर बुश, पिना आणि व्हॉल्व्ह गाइड तयार होत. शेतावर विजेचे पंप आले तशी इंजिनांची मागणी घटत गेली. शेजारच्या अनेकांनी वाहनांच्या सुट्या भागांकडे मोर्चा वळवला. आमच्याकडे त्यासाठी लागणारे भांडवल नव्हते. मात्र शतांश मिलिमीटरपर्यंत माप राखण्याची शिस्त वडिलांनी आमच्या हातांत पक्की केली होती, आणि पुढे तीच उपयोगी पडली.

२००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि शहरातील दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर मुलामुलींची गर्दी वाढू लागली. २०१० मध्ये म्युनिकला त्या पन्नास मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, पुढे कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी पिस्तुलात २०१३ साली विश्वचषकाचे सुवर्ण आणले, आणि नेमबाजी हा आपल्या गावचा खेळ आहे असे इथल्या पालकांना मनापासून वाटू लागले. पालक तयार झाले, मुले तयार झाली. अडचण रायफलीची होती. फाइनवेर्कबाउ, वॉल्टर, अँशुट्झ किंवा स्टायर या परदेशी कंपन्यांची नवी स्पर्धा-रायफल घ्यायची म्हणजे लाखांच्या हिशेबात बोलावे लागते, आणि शिक्षक, शेतकरी किंवा गिरणी कामगाराच्या घरात तो आकडा ऐकूनच विषय संपतो. त्यामुळे क्लबमध्ये आणि खेळाडूंकडे पडून असलेल्या जुन्या रायफली हातोहात फिरू लागल्या. कोणाची साइट हरवलेली, कोणाचा दस्ता तडकलेला, कोणाची हवा अडवणारी सील गळणारी, तर कोणाची यंत्रणा उत्तम असूनही बाकी सारे निकामी. एका प्रशिक्षकांनी अशीच एक रायफल साइटचा तुटलेला क्लॅम्प बनवून घेण्यासाठी आमच्याकडे आणली, आणि तो क्लॅम्प साइटच्या खालच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत हलकासाही न डुलता बसल्याचे पाहून पुढच्या महिन्यात आणखी काही रायफली पाठवल्या. आमच्या व्यवसायाचे वळण तिथून सुरू झाले.

हे काम किती बारीक आहे, हे समजण्यासाठी खेळाचे माप ध्यानात घ्यावे लागते. दहा मीटरवरील लक्ष्याच्या मध्यभागी जो ‘दहा’ असतो, तो केवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, आणि आता गुण दशांशात मोजले जात असल्याने एका गोळीला १०.९ पर्यंत गुण मिळतात. पात्रता फेरीत अशा साठ गोळ्या उभ्याने मारायच्या असतात. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. एवढे वजन स्नायूंच्या जोरावर तासभर स्थिर धरणे कोणालाही शक्य नाही, म्हणून नेमबाज डाव्या हाताचा कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि रायफलीचा भार हाडांच्या सांगाड्यावरून थेट पायांत उतरवतो. हा भार सरळ उतरतो की वाकडा, हे दस्त्याच्या उंचीवर, लांबीवर आणि नेम धरताना गाल टेकवायच्या गालपट्टीच्या जागेवर ठरते. मान लांब असलेल्या मुलीला साइट वर उचलून घ्यावी लागते, आखूड हातांच्या मुलाला बट प्लेट आत घ्यावी लागते. माप चुकले की शरीर नकळत ती चूक भरून काढू लागते, मान पुढे झुकते, खांदा वर येतो, आणि काही महिन्यांनी मूल पाठदुखीची तक्रार घेऊन येते. बॅरलवर कोरलेल्या नावापेक्षा हे माप गुणांवर अधिक परिणाम करते, असे आमचे अनुभवाअंती झालेले ठाम मत आहे.

रायफल जुळवायला घेताना आम्ही प्रथम बॅरल आणि यंत्रणा पारखतो, कारण बाकी सारे बदलता येते, ते बदलता येत नाही. रायफल शिकंजात घट्ट बांधून एकाच डब्यातील सपाट तोंडाचे छर्रे, म्हणजे एअर रायफलीच्या गोळ्या, दहा मीटरवर मारतो, आणि दहा छऱ्यांचे मिळून पडलेले भोक बाहेरून बाहेर मोजतो. छर्रा स्वतःच साडेचार मिलिमीटरचा असतो; सगळे भोक सहा-साडेसहा मिलिमीटरमध्ये आले, तर बॅरल वीस-पंचवीस वर्षांची असली तरी स्पर्धेच्या लायकीची आहे असे समजावे. छऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० की ४.५१ घ्यायचा हेही याच वेळी ठरते, कारण एकाच कंपनीच्या दोन बॅरलींना दोन वेगळी मापे मानवतात. घाईघाईने नवी बॅरल शोधणाऱ्या पालकांना आम्ही आधी तीन-चार प्रकारचे छर्रे तपासून देतो. पुष्कळ वेळा खर्च तिथेच थांबतो.

जुन्या रायफलींच्या पिढ्याही वेगवेगळ्या आहेत. फाइनवेर्कबाउची तीनशे मालिका स्प्रिंगवर चालते, आणि तिची संपूर्ण यंत्रणा गोळी सुटताना दस्त्यातील पट्ट्यांवर मागे सरकून धक्का गिळून टाकते. या रायफलीला नवा दस्ता करायचा तर सरकण्याची ती जागा आणि पट्ट्यांची समांतरता राखावीच लागते, अन्यथा उत्तम यंत्रणाही चुकार होते. त्यानंतर बाजूच्या लीव्हरने एकदाच हवा दाबून भरायच्या रायफली आल्या, आणि नव्वदच्या दशकापासून आधीच हवा भरलेल्या सिलिंडरच्या रायफलींनी मैदान व्यापले. या तिन्ही प्रकारांत स्क्रूंमधील अंतर वेगळे, खोबणीचा आकार वेगळा, सीलची रचना वेगळी. म्हणून एका कंपनीची यंत्रणा दुसऱ्या कंपनीच्या दस्त्यात बसवताना आम्ही मधला अ‍ॅल्युमिनियमचा तळ स्वतः मिलिंग करतो आणि दोन्ही स्क्रू ठरावीक ताणाने आवळतो. ताण बदलला की गोळ्यांची जागा बदलते, हे आम्ही शिकंजात वारंवार पाहिले आहे.

भागांची सरमिसळ करण्याचे आमचे स्वातंत्र्य सिलिंडरपाशी संपते. दोनशे किंवा तीनशे बार दाबाने भरलेली हवा ही जपून वागवण्याची गोष्ट आहे. एका कंपनीचा सिलिंडर दुसऱ्या कंपनीच्या रायफलीला मधला तुकडा लावून जोडून देण्याची विनंती आमच्याकडे आजही येते, आणि आम्ही ती प्रत्येक वेळी नाकारतो. निर्मात्यांनी सिलिंडरची मुदत साधारणपणे दहा वर्षे ठरवलेली असते आणि ती तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर कितीही चकाकत असला, तरी तो आमच्या टेबलावरून पुन्हा रायफलीवर जात नाही. ओ-रिंग म्हणजे सीलचे रबरी कडे बदलताना आम्ही साधे तेल कटाक्षाने टाळतो, कारण दाबाखालच्या हवेत तेलाचा अंश पेट घेऊ शकतो. त्या जागी योग्य सिलिकॉन ग्रीसच वापरावे, हे प्रत्येक पालकाला आम्ही लेखी देतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेत ओल भरपूर असते, म्हणून हवा भरण्याच्या पंपाला कोरडेपणाची गाळणी लावल्याशिवाय भरू नये, हेही त्याच कागदावर असते.

आमचा जीव खरा रमतो तो दस्त्यात. सुरुवातीला आम्ही सागवान वापरून पाहिले. ते टिकाऊ असले, तरी त्यातील नैसर्गिक तेलामुळे थर चिकटवताना गोंद मनासारखा धरत नाही. शिसव दिसायला देखणे, पण वजनाने भारी, आणि साडेपाच किलोंच्या मर्यादेत प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो. अक्रोडाचे लाकूड सर्वांत चांगले वागते, परंतु चांगली फळी महाग पडते. आज आम्ही बहुतेक दस्ते बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पातळ थरांना एकमेकांवर चिकटवून तयार करतो, कारण थरांचे लाकूड पावसाळ्यात फुगत नाही आणि उन्हाळ्यात पिळवटत नाही. ढोबळ आकार आता मशीनवर निघतो. हातात येणारी ग्रिप मात्र आमचे ज्येष्ठ कारागीर अजूनही कानशीने आणि पॉलिश पेपरने, समोर त्या मुलाला उभे करून घडवतात. तळहाताची रुंदी, अंगठ्याची बैठक आणि तर्जनी ट्रिगरवर सरळ मागे येते की तिरकी, हे पाहताना ते मुलाला डोळे मिटून रायफल उचलायला सांगतात. डोळे उघडल्यावर साइट आपोआप डोळ्यासमोर आली, तर दस्ता जमला असे ते मानतात. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे, चहूबाजूंनी स्क्रू असलेले दस्ते अनुभवी खेळाडूंना फार उपयोगी ठरतात. नवशिक्या मुलाने मात्र पहिली दोन वर्षे साध्या लाकडी दस्त्यावर काढावीत असा आमचा आग्रह असतो, कारण फिरवायला स्क्रू मिळाले की मूल आपली उभे राहण्याची पद्धत सुधारण्याऐवजी रायफलच बदलत बसते.

डावखुऱ्या मुलांचा प्रश्न आम्हाला विशेष जवळचा आहे. वापरलेल्या रायफलींच्या बाजारात डावखुऱ्यांसाठी जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि त्यामुळे अनेक मुलांना उजव्या हाताने खेळायला लावले जाते. कागल तालुक्यातील एक मुलगी डावखुरी होती आणि तिचा डावा डोळाच प्रबळ होता. उजव्या खांद्यावरून नेम धरताना तिची मान इतकी वळे, की दहा-बारा गोळ्यांतच ती थकून जाई. आम्ही एका जुन्या रायफलीची उत्तम यंत्रणा घेतली आणि तिच्यासाठी आरशातल्यासारखा उलटा दस्ता घडवला. गालपट्टी दुसऱ्या बाजूला आली, ग्रिप डाव्या तळहाताची झाली, बट प्लेट दुसऱ्या एका रायफलीवरची घेऊन तिला डावीकडे कलणारा नवा सांधा केला. हवा भरण्याचा लीव्हर तेवढा उजवीकडेच राहिला; तो उजव्या हाताने ओढताना रायफल खाली ठेवावी लागू नये म्हणून आम्ही पुढच्या भागाला जास्तीचा आधार दिला. तिच्या वडिलांनी हप्त्याहप्त्याने पैसे दिले. ती मुलगी पुढे विद्यापीठाच्या संघात खेळली, आणि तिची रायफल आज दुसऱ्या एका डावखुऱ्या मुलाकडे आहे. दस्त्याची लांबी तेवढी आम्ही त्याच्यासाठी वाढवून दिली.

भाग कोठूनही आले, तरी तयार रायफल नियमांत बसली पाहिजे. स्पर्धेपूर्वी उपकरण तपासणीत वजन पाहतात, यंत्रणेच्या मागच्या टोकापासून बॅरल-नळीच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत आहे का ते मोजतात, बट प्लेटचा बाक २० मिलिमीटरपेक्षा खोल नाही ना ते बघतात. या मापांचे गेज, म्हणजे माप तपासण्याचे साचे, आम्ही स्वतः तयार केले असून त्यांतून पार झाल्याखेरीज रायफल कार्यशाळेबाहेर जात नाही. परगावच्या स्पर्धेत ऐन वेळी मूल तपासणीतून परत फिरले, तर त्याच्या वर्षभराच्या सरावावर पाणी पडते.

कायद्याबाबत आमची भूमिका प्रथमपासून स्पष्ट आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलींना परवान्यातून सूट आहे, आणि स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जेवर चालते. ताकद वाढवून मागणारे, पक्ष्यांवर चालवायला रायफल मागणारे लोक येतात. त्यांना आम्ही दारातूनच नम्रपणे परत पाठवतो. पॉइंट बावीसच्या रायफली आणि इतर बंदुकांची बॅरल किंवा यंत्रणा आम्ही हातात घेत नाही, कारण ते परवानाधारकांचेच काम आहे. पन्नास मीटरच्या खेळाडूंसाठी आम्ही केवळ गालपट्टी, तळहाताचा आधार असे लाकडी भाग करून देतो.

प्रत्येक नेमबाजाच्या नावाचे एक मापपत्रक आमच्याकडे असते. वाढत्या वयातील मुलाची उंची काही महिन्यांतच बदलते, म्हणून पहिली दोन वर्षे मापाची दुरुस्ती आम्ही मोफत करतो. व्यापाराच्या हिशेबाने यात तोटा आहे असे आमच्या सनदी लेखापालांचे म्हणणे असते. तरीही याच सवयीमुळे सांगली, सातारा, बेळगावपासूनचे पालक एकमेकांच्या शिफारशीने आमच्याकडे आले, आणि जाहिरातीवर आम्हाला कधी खर्च करावा लागला नाही. टाळेबंदीच्या काळात रेंज बंद होती, तेव्हा आम्ही जुन्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग पुन्हा बनवून कामगारांचे पगार चालू ठेवले.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभ्याने नेम धरण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या खेडेगावांतील मुलांची संख्या इतकी वाढली, की जुनी यंत्रणा मिळवणे हीच आता आमची मोठी अडचण झाली आहे. म्हणून सध्या आम्ही शाळांसाठी एका सामायिक दस्त्यावर काम करीत आहोत, ज्यात तीन लांबींचे ठोकळे आणि दोन्ही बाजूंना बसणारी गालपट्टी असेल, म्हणजे एकाच रायफलीवर बारा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा डावखुरा मुलगा आपापल्या मापाने सराव करू शकतील. पहिले नमुने एका शाळेत वापरात आहेत. गालपट्टीचा खटका अजून मनासारखा घट्ट बसत नाही, आणि त्याची तिसरी रचना या आठवड्यात मिलिंगला लागली आहे.