घरासाठी वेल्डिंग मशीन कोणतं घ्यावं?

“ताई, घरी वापरायला स्वस्तातलं वेल्डिंग मशीन कोणतं घेऊ?” महिन्यातून दोन-तीनदा तरी मला हे कुणीतरी विचारतं. सोबत मोबाईलवर एक फोटो असतो. त्यात एक छोटी पेटी, तिच्यावर ठळक अक्षरांत 200 नाहीतर 250 अँपिअर, आणि खाली पाच-सहा हजारांची किंमत. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगते.

आधी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. काय जोडणार आहात? आणि मशीन ज्या प्लगला लावणार, तो किती अँपिअरचा आहे?

घरची कामं साधारण ठरलेली असतात. कुंड्यांचा स्टँड, खिडकीची जाळी, गेटची निखळलेली बिजागरी, टेबलाची फ्रेम. म्हणजे एक इंची चौकोनी पाइप, 16 किंवा 18 गेजचा, नाहीतर तीन मिलीचा अँगल. याला 2.5 मिलीचा 6013 जातीचा वेल्डिंग रॉड भरपूर झाला. दुकानात 12 नंबर म्हणून मागा. तो 60 ते 90 अँपिअरवर सुंदर चालतो. जाड अँगल किंवा पट्टी आली तर 10 नंबर, म्हणजे 3.15 मिलीचा रॉड, त्याला शंभर-सव्वाशे अँपिअर लागतात. खरे 200 अँपिअर लागावेत असं काम माझ्या घरामागच्या शेडमध्ये इतक्या वर्षांत एकदाही आलेलं नाही.

आता प्लगकडे या. 80 अँपिअरवर आर्कला, म्हणजे रॉड आणि लोखंडामध्ये पेटणाऱ्या ज्योतीला, साधारण 23 व्होल्ट असतात. गुणाकार केला की 1840 वॅट. काही वीज मशीनमध्येच उष्णता होऊन जाते, शिवाय स्वस्त इन्व्हर्टर मशीनचा, म्हणजे या छोट्या पेटीचा, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा हिस्सा) 0.7 च्या आसपास असतो. त्यामुळे भिंतीतून 14-15 अँपिअर ओढले जातात. घरातला 16 अँपिअरचा पॉइंट एवढ्यातच भरत आला. पूर्ण 200 अँपिअर काढायचे तर 28 व्होल्टने 5600 वॅट होतात आणि भिंतीतून 40 अँपिअरच्या आसपास लागतात. ज्या पेटीच्या मागून दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलीमीटरची) बारीक वायर आणि साधा तीन पिनी प्लग बाहेर येतो, ती 200 अँपिअर देणार कुठून? म्हणून पेटीवरचा मोठा आकडा सोडा आणि मागची पाटी वाचा. तिथे ड्युटी सायकल लिहिलेली असते. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. किती अँपिअरवर 60 टक्के, ते बघा. 100 ते 120 अँपिअरवर 60 टक्के प्रामाणिकपणे मिळत असतील, तर घरासाठी ते मशीन चांगलं. पाटीच नसेल तर पेटी परत ठेवा.

माझ्या वडिलांचं, आबांचं, कोल्हापुरात उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं. त्यांचं ऑइल कूल्ड मशीन हलवायला चार माणसं लागायची. दुकान बंद झाल्यावर मी घरासाठी पाच-सहा किलोचं इन्व्हर्टर मशीन घेतलं. वर 250 लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, होल्डर-केबल सगळं सोबत आहे, वेगळं काही घ्यायला नको. तिसऱ्या दिवशी गेटची चौकट जोडत होते. पाच-सहा रॉड सलग झाले आणि रॉड पकडायच्या होल्डरजवळची केबल हाताला चटका देईल इतकी तापली. रबर मऊ पडलं होतं. मी केबल कापली. वरून तांबूस दिसणारी तार ब्लेडने खरवडली, तर आत पांढरं ॲल्युमिनिअम. तार बारीक होतीच, वर तांब्याचा नुसता मुलामा.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दहा हजार बाजूला काढले असतील तर मशीनवर सहाच्या वर जाऊ नका. उरलेल्यात 16 स्क्वेअरची खरी तांब्याची केबल, घट्ट बसणारा होल्डर आणि दणकट अर्थ क्लँप, म्हणजे जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा, घ्या. वेल्ड नीट येत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी निम्म्यांचा दोष मला गंजलेल्या पाइपवर लावलेल्या सैल क्लँपमध्ये सापडला आहे. क्लँपची जागा आधी घासून चकचकीत करा. इलेक्ट्रिशियनला बोलावून मशीनसाठी चार स्क्वेअरच्या वायरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. आणि आमच्यासारखं गावाकडचं कनेक्शन असेल, तर संध्याकाळी पंपांच्या मोटारी चालू झाल्यावर मल्टिमीटर लावून बघा. व्होल्टेज 180 वर उतरला की रॉड चिकटायला लागतो आणि लोक मशीनला शिव्या देतात.

डोळ्यांबद्दल मात्र मी काही ऐकून घेत नाही. आबा कधीकधी घाईत काच न धरताच टाके मारायचे. दिवसा काहीच व्हायचं नाही. रात्री अकरा-बाराला उठून बसायचे, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं व्हायचं, पाणी थांबायचं नाही. आई दिवे घालवायची आणि ओल्या फडक्याच्या घड्या त्यांच्या डोळ्यांवर ठेवत बसायची. मी सात-आठ वर्षांची होते, अंधारात ते कण्हणं ऐकत पडून राहायचे. नवशिक्याने आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेटच घ्यावं. 80-100 अँपिअरला काचेच्या काळेपणाचा आकडा, म्हणजे शेड, 10 ठेवा. दोन्ही हात मोकळे राहतात आणि रॉड कुठे टेकतोय ते आर्क पेटण्याआधी दिसतं, त्यामुळे टाका हव्या त्याच जागी बसतो. शेजारी लहान मुलं उभी असतील तर काम थांबवा.

जीआय पाइप जोडणार असाल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा आणि काम उघड्यावर करा. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वर दूध प्यायलं की भागतं असं सगळे म्हणतात, आबाही प्यायचे. दुधाने काही होत नाही.

मिगचंही, म्हणजे रॉडऐवजी मशीनमधून सतत येणाऱ्या वायरने होणाऱ्या वेल्डिंगचंही, बरेच जण विचारतात. एक मिलीच्या आतला पत्रा, गाडीची बॉडी असलं काम रोजचं असेल तरच त्या वाटेला जा. बिनगॅसची वायर महाग पडते. आधी रॉडवर हात बसू दे.

मशीन घ्यायच्या आधी आपल्या गावात ते उघडून दुरुस्त करणारं कोणी आहे का, याची चौकशी करा. या पेट्या बऱ्याचदा एका कारणाने जातात. शेजारी ग्राइंडर चालू असतो, मशीनचा पंखा लोखंडाचा भुसा आत ओढतो, तो बोर्डवर बसतो आणि एक दिवस फट्. मी ग्राइंडिंग शेडच्या दुसऱ्या टोकाला करते आणि महिन्यातून एकदा प्लग काढून ब्लोअरने पेटी साफ करते.

पावसाळ्यात रॉडचं लहान पाकीटच आणा. आमच्याकडे जूनपासून हवा इतकी दमट असते की उघड्या पाकिटातल्या रॉडचा फ्लक्स, म्हणजे वरचा लेप, पाणी धरतो. मग आर्क फुरफुरतो, वेल्डला बारीक भोकं पडतात. मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रॉड उभे ठेवते. पहिलं पाकीट भंगारातल्या पट्ट्यांवर संपवा. रॉड थोडा कलता धरा, त्याच्या जाडीएवढंच अंतर राखा आणि चरचर आवाज एकसारखा येतोय का ते ऐका. वेल्डवर बसलेली खपली चिपिंग हॅमरच्या एका टोल्याने सोलून निघाली आणि खाली सारख्या लाटा दिसल्या, की गेटला हात घाला.