जपानला येताय? आधी बॅग उघडून दाखवा

गेल्या नोव्हेंबरात आई-बाबा सांगलीहून टोकियोला आले, तेव्हा आईच्या बॅगेतून सगळ्यात आधी निघाला तो मिक्सर. जुन्या साडीत गुंडाळलेला, भांड्यात भांडं, आणि उरलेल्या जागेत गोड्या मसाल्याच्या पुड्या. "तुझ्याकडे चटणी कशी होते देव जाणे, म्हणून आणला." मी ॲडाप्टर लावून बटण फिरवलं. मिक्सरने दमेकऱ्यासारखा एक सूर धरला आणि खोबऱ्याचे तुकडे जागच्या जागी थरथरत राहिले.

इथली वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक '100-240' असं छापलेलं असतं, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा ॲडाप्टर पुरतो. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल यातलं काहीही आणू नका. ॲडाप्टरने पिन बदलते, व्होल्टेज नाही, हे मी आईला तीनदा सांगितलं. "मग लावलास कशाला?" म्हणाली.

कुठली देवळं बघायची, ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांची खरी तारांबळ उडाली ती बॅगेमुळे, म्हणून तिथूनच सुरुवात.

नारिता विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी एक गोड बीगल कुत्रा फिरत असतो. तो बाबांच्या बॅगेजवळ येऊन शांतपणे बसला. बाबा खूश, त्याला कुरवाळायला वाकले. कुत्रा ड्यूटीवर होता. बॅगेतून परसातला कढीपत्ता निघाला, वर्तमानपत्रात नीट बांधलेला. ताजी पानं, फळं, भाज्या सरकारी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत, आणि मांस घातलेलं तर काहीच नको, अगदी सुकवलेलंसुद्धा. अधिकाऱ्याने दोनदा वाकून माफी मागितली आणि कढीपत्ता ठेवून घेतला. मसाले, चकल्या, लाडू मात्र सुखरूप घरी आले. किराण्याची तशीही फार काळजी करू नका. टोकियोत निशी-कासाईला आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, तिथे तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

औषधांच्या बाबतीत मात्र हलगर्जीपणा नको. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या एक महिना पुरतील इतक्याच बिनापरवाना आणता येतात. तुमचे आई-वडील तीन महिने राहणार असतील आणि रक्तदाब-मधुमेहाच्या नव्वद दिवसांच्या गोळ्या आणणार असतील, तर निघण्याआधी जपानच्या आरोग्य खात्याकडून 'युन्यू काकुनिनशो' हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते काम ऑनलाइन होतं, पण आठवडा-दोन आठवडे हाताशी ठेवून करा. बाबांचं मी इथूनच केलं. चिठ्ठी इंग्रजीत हवी, गोळ्या मूळ पाकिटातच हव्यात. आईने सगळ्या गोळ्या सोलून 'सकाळ-दुपार-रात्र' अशा डब्यांत भरल्या होत्या, तेव्हा फोनवरून तिला परत पाकिटं शोधायला लावली. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असतं. त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल तर इथे सरळ बंदी आहे. प्रवासाचा विमा काढाच. 119 ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते, पण पुढचं हॉस्पिटलचं बिल पाहुण्याला पूर्ण भरावं लागतं.

आता मोठ्या बॅगा. टोकियो-क्योतो शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेसाठी विशिष्ट जागा आधी राखून ठेवावी लागते. आपल्या 'बसेल तेवढं भरा' छापाच्या बॅगा नेमक्या या हद्दीवर असतात, तेव्हा टेप घेऊन मापा. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे ताक्क्यूबिन, सामान पोचवणारी कुरियर सेवा. बॅग कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात द्यायची, दोन-तीन हजार येन भरायचे आणि हात हलवत क्योतोला जायचं. आईचा यावर काडीचा विश्वास नव्हता. "अशीच देऊन टाकलीस? आत माझी पैठणी आहे!" शिंकान्सेनमध्ये फुजी दिसला तेव्हाही ती पैठणीच्याच चिंतेत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग हॉटेलच्या काउंटरवर उभी, पावसाची शक्यता म्हणून वर प्लॅस्टिकचं आवरण घातलेली.

जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, डोळे मिटून घेऊ नका. सात दिवसांचा पास 2023 च्या ऑक्टोबरात 29,650 वरून एकदम 50,000 येन झाला. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन साधारण 28,000 येन पडतात, म्हणजे तेवढीच सहल असेल तर सुटी तिकिटंच स्वस्त. शहरात गाडी-बसने फिरायला सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड घ्या. क्योतोच्या बसमध्ये मागून चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे. लहान देवळांत, जुन्या खाणावळींत रोख लागते. आपलं कार्ड सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये सहसा चालतं.

शाकाहारी मंडळींनी पुढचं जरा नीट वाचा. 'मांस नको' म्हटलं की इथे मासा येतो, कारण 'निकु' म्हणजे फक्त मटण-चिकन वगैरे. आणि मासा दिसला नाही तरी रसात असतोच. मासा वाळवून लाकडासारखा कडक करतात, मग सुतार रंधा मारतो तसे त्याचे पातळ काप काढतात. त्याचं पाणी म्हणजे दाशी. मिसो सूप, उदोन, भाज्यांची उकड, सगळ्यात ते. पहिल्याच दिवशी बाबांच्या गरम तोफूवर हे काप वाफेने वळवळत होते. बाबा म्हणाले, "हे जिवंत आहे का?" तेव्हा 'निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन, दाशी मो दामे देसु' (मांस आणि मासा खाऊ शकत नाही, दाशीही चालत नाही) हे वाक्य जपानीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा. अनेक ठिकाणी ते नम्रपणे 'जमणार नाही' म्हणतील. वाईट वाटून घेऊ नका, खोटं सांगून वाढण्यापेक्षा ते बरं. मोठ्या देवळांच्या गावांत 'शोजिन र्‍योरी' हे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं, महाग पण सुंदर. आणि कार्तिकी एकादशीला आमचा प्रश्न सुपरमार्केटच्या दारातच सुटला. तिथे गरम खड्यांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात, आतून मधासारखी. आईने उभ्या-उभ्या दोन खाल्ली आणि म्हणाली, "यांचा उपास छान आहे."

चालणं खूप होतं, रोज बारा-पंधरा हजार पावलं सहज. वयस्कर माणसं असतील तर दिवसाला एकच ठिकाण धरा, आणि स्टेशनात लिफ्ट कुठल्या बाहेर पडायच्या दाराशी आहे ते आधी बघा. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनात चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर अर्धा तास गेलाच. नोव्हेंबरात अंधार पाचच्या सुमारासच पडतो आणि क्योतोतली बरीच देवळं चार-पाचला बंद होतात, म्हणून सकाळी लवकर निघा. मोजे नवे आणा. बूट दिवसातून पाच वेळा काढावे लागतात आणि बाबांचा अंगठा अख्ख्या क्योतोने पाहिला. कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळजवळ नसतातच, पिशवी जवळ ठेवा. स्वच्छतागृहं मात्र जागोजागी, फुकट आणि चकचकीत. पाण्याच्या फवाऱ्याचं बटण बघून आईने या देशाला पूर्ण गुण दिले.

एप्रिलच्या अखेरपासून 5-6 मेपर्यंत गोल्डन वीक असतो. तेव्हा अख्खा जपान सुट्टीवर, हॉटेलं महाग, गाड्या भरलेल्या. ते दिवस टाळा.

तो मिक्सर अजून माझ्या वरच्या फळीवर आहे, परतीच्या बॅगेत आईने त्याच्या जागी चिनी मातीचे बाऊल नेले. 10 मेला सासू-सासरे यायचेत. काल व्हिडिओ कॉलवर त्यांची यादी पाहिली. तिसऱ्या क्रमांकावर इस्त्री आहे.