काकूंचं छोटं पिस्तूल

गेल्या महिन्यातला एक शनिवार काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय. मी टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या एका इनडोअर शूटिंग रेंजवर शनिवार-रविवार रेंज सेफ्टी ऑफिसरचं काम करते. मूळची कोल्हापूरची, कॉलेजात १० मीटर एअर पिस्तूल खेळायचे. राही सरनोबत आमच्याच गावची, त्यामुळे पोरगी पिस्तूल हातात घेते याचं घरी कुणाला फार नवल वाटलं नाही.

त्या दिवशी सकाळी रेंज उघडायच्या आधी मी सिग सावर कंपनीचं पी-३६५ हे छोटं पिस्तूल चालवून बघत होते. हे २०१८ ला आलं. त्याआधी एवढ्याशा पिस्तुलात सहा-सात गोळ्या बसायच्या, यात मॅगझिनमध्ये १० आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, १. नळी ३.१ इंच, जाडी इंचभर, रिकामं वजन अर्धा किलो. कमरेला आतून लावून वर सैल टी-शर्ट घातला की समोरच्याला पत्ता लागत नाही, लोक घेतात ते त्यासाठीच. पण हातात धरलं तर करंगळीला जागाच नाही! सपाट बुडाचं मॅगझिन लावलं की करंगळी हवेत लोंबते, बोटाला टेकू असलेलं दुसरं लावलं की जरा मूठ भरते.

पहिल्या पाच गोळ्या ७ यार्डांवर, म्हणजे २१ फुटांवर मारल्या, सगळ्या डावीकडे खाली. मी उजव्या हाताची, म्हणजे झटका येणार या धास्तीने हात आधीच दाबला जातोय, हे मी रोज दुसऱ्यांना सांगत असते. लगेच रेंजचं ग्लॉक १९ हे जरा मोठं पिस्तूल घेतलं, तेवढ्याच अंतरावर पाचही गोळ्या आमटीच्या वाटीत मावतील अशा जवळजवळ. काडतूस दोन्हीत तेच ९ एमएम, पण तीच ताकद हलक्या पिस्तुलातून आली की हाताला जास्त लागते, आणि छोट्या पिस्तुलात नेम धरायच्या मागच्या-पुढच्या खुणा (साइट) जवळ असल्याने तिथे केसभर चुकलं तरी कागदावर ते बोटभर दिसतं. अर्धा तास आणि ५० गोळ्या गेल्यावर कुठे मला ते पिस्तूल वळायला लागलं, आणि मी तर हे काम करणारी बाई.

दुपारी एक मराठी काकू आल्या. साठीच्या आसपास, लातूरकडच्या, इथे तीसेक वर्षं. दुकानात रात्रपाळी करतात, अकरा वाजता एकटीने पार्किंगमध्ये चालत जायचं. काकांनी वाढदिवसाला पिस्तूल घेऊन दिलेलं, पर्समध्ये मावेल असं सगळ्यात छोटं बघून. काकू सिटिझन आहेत म्हणून प्रश्न नव्हता, नाहीतर एच-वन-बी वाल्या आपल्या पोरांना मला काउंटरवरूनच परत पाठवावं लागतं. शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक हातात घेणंसुद्धा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे, रेंजवर भाड्याने घेतलेली पण, आणि हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

"लायसन्स आता लागत नाही म्हणे," काकू म्हणाल्या. खरंय, १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस पूर्ण असलेल्या आणि कायद्याने बंदूक बाळगता येते अशा माणसाला लायसन्सशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं. पण त्यामुळे झालंय काय, की एकही गोळी न मारलेला माणूस कमरेला पिस्तूल लावून फिरू शकतो. मला याची मनापासून काळजी वाटते.

कानाला मफ, डोळ्याला चष्मा, नियम सगळे सांगितले. पिस्तूल कायम भरलेलंच आहे असं समजायचं, तोंड समोर, नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. काकूंनी चार गोळ्या मारल्या, दोन कागदाला लागल्या, दोन कुठे गेल्या कळलं नाही. पाचवी मारली आणि काडतुसाची उडालेली रिकामी पुंगळी लेनच्या फळीवर आपटून उलटी आली ती थेट काकूंच्या गळ्यात. नुकतीच सुटलेली पुंगळी चटका बसण्याइतकी गरम असते. काकू किंचाळल्या, डावा हात गळ्याशी गेला आणि उजवा हात पिस्तुलासकट माझ्याकडे वळला, बोट चापावर तसंच.

मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे अर्ध्या पावलावर होते. दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून समोर टार्गेटकडे रेटलं आणि ओरडले, "काकू, बोट बाहेर! बोट!" मफमुळे त्यांना काय ऐकू गेलं देव जाणे, पण बोट निघालं. मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली, चेंबरमधली गोळी टेबलावर पडली आणि घरंगळत कडेला जाऊन थांबली. शेजारच्या लेनमध्ये एक बाप आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिकवत होता. ती गोळी बघताना मला तो मुलगा दिसत होता.

चूक माझी होती. काकू रुंद गळ्याचा कुर्ता घालून आल्या होत्या आणि मी तो दारातच बघितला होता, बंद गळ्याचा टी-शर्ट देते थांबा, एवढंच म्हणायचं होतं, गप्पांच्या नादात राहून गेलं. मॅनेजरला तसंच लिहून दिलं.

बाहेर आणून काकूंना बसवलं. गळ्याखाली नखाएवढा लाल डाग. माझ्या थर्मासमधला चहा द्यायला निघाले तर त्यांनी कपाला हात घातला, म्हटलं आधी गार पाण्याने साबण लावून हात धुवा, हाताला शिसं लागलेलं असतं. धुऊन आल्या, घोटभर चहा घेतला आणि म्हणाल्या, "अगं, मी तुझ्यावर पिस्तूल धरलं ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलून काय करणार. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग उठून म्हणाल्या, "चल परत. असंच घरी गेले तर उद्या पर्समध्ये घेऊन फिरेन आणि हात तोच राहील."

माझा जादा टी-शर्ट घालून काकू परत उभ्या राहिल्या. आधी ग्लॉक १९ दिलं, तीनच यार्डांवर, एकेक गोळी भरून. मग त्यांच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये त्यांना न सांगता खऱ्या गोळ्यांच्या मध्ये एक डमी, म्हणजे न उडणारी खोटी गोळी, घातली. दोन आवाज झाले, तिसऱ्याला नुसतं टिक, आणि पिस्तुलाचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलं. काकू बघतच राहिल्या. "म्हणजे हे मीच करतेय होय गं!" कितीही तोंडाने सांगा, ते खाली गेलेलं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की माणूस चाप हळू दाबायला शिकतो, हे मी कोल्हापुरातसुद्धा रिकाम्या एअर पिस्तुलावरच शिकले.

लायसन्सची टेस्ट पास झाल्याशिवाय पिस्तूल घराबाहेर काढायचं नाही असं काकूंनी स्वतःच ठरवलंय. सक्ती नाही, तरी द्यायचीच म्हणतात. ५० गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० गुणांपैकी १७५ लागतात. तेव्हापासून दर शनिवारी बंद गळ्याचा टी-शर्ट घालून येतात, काका बाहेर गाडीत बसून असतात. काल सरावात १८१ झाले, १५ यार्डांवरच्या दहा गोळ्या अजून विखुरतात.