कोचीचं सेंट फ्रान्सिस चर्च आणि डच दफनभूमी

फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये भिंतींवर जे कोरीव दगड दिसतात, ते स्मारकफलक नव्हेत. ती थडग्यांवरची झाकणं आहेत. पूर्वी ती पायाखाली, जमिनीत होती. १८८६ साली उचलून भिंतींना लावली. उत्तरेला पोर्तुगीज, दक्षिणेला डच. म्हणजे ज्याचं नाव भिंतीवर वाचतो, तो त्या दगडामागे पुरलेला नाही. हे ठाऊक असेल तरच आत फिरण्यात अर्थ आहे.

१५०३ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ल्याबरोबर इथे लाकडी चर्च बांधलं. मलबारात पक्कं बांधकाम आणि कौलारू छप्पर हा देवळांचा नि राजवाड्यांचा मान होता, त्यामुळे विटा-दगडांसाठी कोचीच्या राजाची परवानगी लागली. ती मिळाल्यावर फ्रान्सिस्कन पंथाच्या कॅथलिक साधूंनी १५१६ पर्यंत पक्की इमारत उभी करून संत अँटनीला अर्पण केली. १६६३ मध्ये डचांनी शहर जिंकलं, बहुतेक कॅथलिक चर्चं पाडली, पण हे आपल्या प्रॉटेस्टंट उपासनेसाठी राखलं. १७७९ मध्ये त्याची डागडुजी केली. १७९५ मध्ये इंग्रज आले आणि १८०४ मध्ये चर्च अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेलं. संत फ्रान्सिसचं नाव त्यांच्याच काळातलं. १९२३ पासून ते संरक्षित स्मारक आहे.

वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि इथेच पुरला गेला. कठड्याआडची ती जागा आज रिकामी आहे. सुमारे चौदा वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या, त्याही थेट लिस्बनला नव्हे, तर आधी विदिगेरा गावी. लिस्बनच्या जेरोनिमुश मठात त्या १८८० मध्ये पोचल्या.

जवळच, समुद्राच्या बाजूला डच दफनभूमी आहे. १७२४ मध्ये ती पवित्र करण्यात आली, शेवटचं दफन १९१३ चं, थडगी १०४. फाटक बहुधा बंद असतं. आधी चर्चमध्ये चौकशी करावी. इथे मात्र दगड आणि माणूस अजून एकाच जागी आहेत, म्हणून मला ही जागा चर्चच्या आतल्या भागाइतकीच मोलाची वाटते.

अक्षरं पुसट झाली असतील तर सकाळी किंवा उतरत्या उन्हात वाचावीत. चर्चच्या आत टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ भिंतीला टेकवून धरावा. तिरप्या उजेडात खाचांत सावली पडते. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. खडू, कोळसा, तारेचा ब्रश, ॲसिड यांतलं काहीही दगडाला लावू नये. जांभ्याच्या थडग्यांवर सिमेंटचा गिलावा तर कधीच नको. कोकणातल्या जुन्या घरांतही हीच चूक होते: खारी ओल आत कोंडते, मीठ स्फटिकरूपाने फुगतं आणि सिमेंटबरोबर जांभ्याचा पापुद्राही सुटतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. झिजला तर तो झिजतो, दगड वाचतो.

डच नावांचा माग काढायचा असेल तर चर्चने जपलेलं ‘डोप बुक’ कामी येतं. १७५१ ते १८०४ मधल्या बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची ती नोंदवही आहे. मृत्यूची तारीख दगडावरून घ्यावी, बाप्तिस्मा आणि लग्न वहीत शोधावं.